पहाटे तबेला, मेमध्ये नीट

प्रश्न, थोडक्यात: ठाण्यात वर्तकनगरला राहणारा एकोणीस वर्षांचा वाचक. बारावी सायन्स झाली आहे, पशुवैद्यक व्हायचं आहे. यंदा नीट ही प्रवेशपरीक्षा दिली, पण गुण शेवटच्या प्रवेशयादीच्या बरेच खाली राहिले. वर्षभराहून जास्त काळ तो घोडबंदर रोडवरच्या एका खासगी घोडेस्वारी केंद्रात काम करतोय. पहाटे पाच ते दहा, आठवड्याचे सहा दिवस. लीद काढणं, खरारा, दाणा-वैरण, शिकाऊ मुलांचे घोडे धरून फिरवणं. दुपारी नौपाड्यात क्लास. आपण गेलो नाही तर एक घोडी पोटभर खात नाही, असं त्याला वाटतं. मालक म्हणतात, "तू अर्धा डॉक्टर झालाच आहेस." ते त्याला इंजेक्शनंही देऊ देतात आणि आता पूर्णवेळ नोकरी देऊ करताहेत. तिथले प्रशिक्षक म्हणतात, हा अनुभव प्रवेशाला उपयोगी पडेल. वडील म्हणतात, आजच्या आज तबेला बंद. वाचक विचारतो: तबेला सोडू का? अनुभवाचं प्रमाणपत्र कामाला येईल का? आणि घोडेच सोडायचे तर पशुवैद्यक होऊन करू काय?

उत्तर:

तीन प्रश्नांपैकी मधला सर्वांत सोपा, तो आधी संपवू. प्रमाणपत्र इथल्या प्रवेशाला कामाला येणार नाही. महाराष्ट्रात बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीचे प्रवेश नागपूरचं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे माफसू, करतं. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर, सगळीकडे तीच पद्धत: नीटचे गुण, तुझा प्रवर्ग आणि गुणवत्ता यादी. राज्याच्या 85 टक्के जागा अशा भरतात, उरलेल्या 15 टक्के भारतीय पशुवैद्यक परिषद देशपातळीवर भरते, तीही नीटवरच. मुलाखत नाही, निबंध नाही, अनुभवाला अर्धा गुणसुद्धा नाही. तुझे प्रशिक्षक मुद्दाम खोटं बोलले असतील असं नाही. इंग्लंड-अमेरिकेतली पशुवैद्यक महाविद्यालयं प्राण्यांसोबतच्या कामाची चौकशी करतात, तासांची नोंद मागतात. तिकडचं ऐकून त्यांनी इकडे लावलं असणार. परदेशाचा विचार तुझ्या पत्रात कुठेच नाही, तेव्हा तो बाजूला ठेवू. प्रमाणपत्र मात्र मागून ठेव. तारखा, कामाचं स्वरूप, सही. नोकरीला कधीतरी लागेल.

म्हणजे दार एकच, नीटचं. 180 प्रश्न, 720 गुण, त्यातले 90 प्रश्न जीवशास्त्राचे. एनसीईआरटीच्या पुस्तकात घोडा सस्तन प्राण्यांच्या उदाहरणांत 'इक्वस' म्हणून येतो आणि जातो. बेडकाची मात्र आतड्यांपासून मेंदूपर्यंत चौकशी होते. तबेल्यातलं तुझं ज्ञान त्या पेपरात जवळजवळ कुठेच उतरत नाही. हे कटू आहे, पण वेळापत्रक आखताना लक्षात असलेलं बरं.

आता वडिलांचं म्हणणं. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: तबेला बंद झाला की ते पाच तास आपोआप अभ्यासाकडे वळतील. तसं होईलच असं नाही. पुष्कळदा ते तास उशिरा उठण्यात आणि मोबाइलमध्ये जिरतात, वर 'माझं सगळं काढून घेतलं' ही घुसमट. म्हणून कमी गुणांचं कारण तबेलाच आहे का, हे आधी कागदावर तपास. यंदाचा पेपर आणि उत्तरसूची समोर घे. चुकलेला आणि सोडलेला प्रत्येक प्रश्न चार रकान्यांपैकी एकात टाक: धडा वाचलाच नव्हता, वाचला होता पण आठवला नाही, येत होतं पण घाईत किंवा गणितात चुकलं, अंदाजाने मारलं. पहिला रकाना सर्वांत लांब असेल तर तुला तास कमी पडले, वडील बरोबर आहेत. दुसरा लांब असेल तर उजळणी कमी पडली. तिसरा-चौथा लांब असतील तर दिवसाचे चार तास वाढवूनही फार फरक पडणार नाही. पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवण्याचा सराव कमी आहे, आणि चौथ्या रकान्यातला प्रत्येक चुकलेला प्रश्न मिळवलेल्या गुणांतला एक गुण परत नेतो. हा कागद वडिलांना दाखव. दोघांचं बोलणं मग त्याच्यावर होईल, एकमेकांवर नाही.

माझा संशय मात्र झोपेवर आहे. पाचला तबेल्यात म्हणजे सव्वाचारला उठणं. दहाला सुटून कापूरबावडीच्या कोंडीतून घरी, आंघोळ, जेवण आणि दोनला क्लासात बसलास की डोळे मिटणार. नीट दुपारी 2 ते 5 असते. म्हणजे ज्या तीन तासांत वर्षाचा निकाल लागतो, नेमक्या त्याच तीन तासांत पेंगायची सवय तू शरीराला वर्षभर लावली आहेस. इतर काही बदलायला जमलं नाही तरी एवढं बदल: रोजची झोप सात तासांच्या खाली नको, आणि आठवड्यातून एक पूर्ण पेपर दुपारी 2 ते 5 याच वेळेत, घरी, पंखा आणि बाहेरचा गोंगाट असताना.

तबेला सोडायचा की नाही, यावर माझं मत: सोडू नकोस, पण आता करतोस ते कामही चालू ठेवू नकोस. नीट गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी होते. घोडेस्वारी केंद्राचा हंगाम बघ. दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मग शाळांच्या परीक्षा आटोपल्या की एप्रिल-मेचे सुट्टीतले वर्ग. मालकांना तुझी सर्वांत जास्त गरज लागते ते आठवडे आणि तू तिथे फिरकूही नयेस असे आठवडे, एकच आहेत. याउलट जून ते सप्टेंबर रिंगणात चिखल असतो, स्वार कमी येतात, मजुरीचं काम कमी होतं. घोड्यांना मात्र हाच काळ सर्वांत जड: खुरं भिजून कुजतात, सततच्या ओलीने पाठीवर खपल्या धरतात, दाण्याला बुरशी लागते, माश्या वाढतात. शिकायला इतकं दुसऱ्या कुठल्याच ऋतूत नसतं, आणि नीटचं वर्षही तेव्हा नुकतंच सुरू झालेलं असतं.

तेव्हा आत्तापासून सप्टेंबरअखेर आठवड्याला तीन सकाळी, प्रत्येकी अडीच तास, सहाच्या आधी नाही. ऑक्टोबर ते जानेवारी दोन सकाळी. फेब्रुवारीत फक्त शनिवार. मार्चपासून परीक्षा होईपर्यंत पूर्ण बंद. हे मालकांना आत्ताच सांग, मार्चमध्ये नाही. आठ महिन्यांची आगाऊ सूचना मिळाली तर ते दुसरा साईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, बघू शकतात, आणि तुझा शब्दही राहतो. वडिलांसोबत एक अट घालून घे: लागोपाठच्या तीन सराव पेपरांची सरासरी घसरली, की एक सकाळ लगेच कमी. चर्चा नको, आकडा ठरवेल.

आणि त्या अडीच तासांत काय करायचं, तेही बदलू दे. लीद काढून आणि दाण्याच्या गोणी उचलून तू वर्षभरात जे शिकायचं ते शिकलास. आता मोजायला शिक. एक वही कर आणि तिथल्या प्रत्येक घोड्याची विश्रांतीची मोजमापं लिहायला लाग. आधी श्वास, लांबून, घोड्याला हात लावण्यापूर्वी. कुशीची हालचाल बघून मिनिटाला किती ते मोज. शांत उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याचे 8 ते 16 असतात. मग नाडी. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला, गालाचा गोल भाग सुरू होतो त्याच्या थोडं पुढे, दोन बोटांनी चाचपलं की सुतळीएवढी धमनी बोटांखाली सरकते. अंगठा लावायचा नाही, नाहीतर स्वतःचीच नाडी मोजशील. 15 सेकंद मोजून चारने गुण. 28 ते 44 यांच्यामध्ये यायला हवी. शेवटी ताप, गुदद्वारातून. थर्मामीटरला दोरा आणि चिमटा बांधून तो शेपटीच्या केसांना लाव, व्हॅसलीन लाव, कमरेला चिकटून बाजूला उभा राहा, मागे कधीच नाही. 99 ते 101 फॅरनहाइट ठीक. हाच क्रम ठेव, कारण हाताळणी सुरू झाली की श्वास आणि नाडी वाढतात. मग हिरडीवर बोट दाबून सोड. पांढरा झालेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा.

या वहीचा उपयोग पोटशूळ उठतो त्या रात्री कळतो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, कुशीकडे वळून बघतो, बसतो-उठतो, लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी "साहेब, घोडा बेचैन आहे" असा फोन आणि "एरवी नाडी 36 असते, आत्ता 64 आहे, हिरड्या फिकट, चार तासांत लीद नाही" असा फोन, यांतल्या दुसऱ्या फोनवर डॉक्टर गाडीची चावी उचलतात. ते येईपर्यंत दाणा-वैरण समोरून काढायची. घोडा शांत उभा असेल तर उभं राहू द्यायचं, लोळायला बघत असेल तर हळूहळू चालवायचं, दमवायचं नाही. बाटलीने तेल पाजायचं नाही. घोड्याला उलटी करता येत नाही आणि जबरदस्तीने पाजलेलं तेल फुप्फुसात गेलं तर पोट बरं होऊनही घोडा न्यूमोनियाने जातो. वेदनाशामकही मनाने द्यायचं नाही. कळ दबते, आतडं मात्र पिळलेलंच राहतं, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायची वेळ निघून जाते.

मोजण्याचीच दुसरी गोष्ट म्हणजे वजन. तबेल्यांत दाणा बहुधा डब्याने दिला जातो, सगळ्यांना सारखाच. शिंप्याची टेप घे. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, की साधारण किलो येतात. घेर 160 आणि लांबी 150 असेल तर 323 किलो. अशा घोडीला दिवसाला वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे जवळपास 5 किलो कोरडी वैरण हवीच, दाणा त्याच्यानंतर. दाण्याचं एक जेवण अशा घोडीला दीड किलोच्या वर नको. तुझी घोडी 'खात नाही' म्हणतोस, तर ती नेमकं काय सोडते ते आठवडाभर तोलून बघ: दाणा सोडते की वैरण? दाणा खाऊन वैरण तोंडातून गोळे करून टाकत असेल, तर ते तुझ्या विरहाने नसून दातांनी होतंय. दाढांच्या कडा धारदार होतात आणि गाल-जीभ सोलतात; पशुवैद्य तोंड उघडून कानशीने त्या घासून देतात. आणि खरोखरच तू नसताना ती खात नसेल, तर तोही तिच्यासाठी धोकाच आहे. तुला ताप आला तर तिने काय करायचं? पुढचा महिनाभर तू आणि दुसरा साईस आलटून पालटून तोबरा बांधा, वेळ आणि दाणा तोच ठेवून. घोडी माणसापेक्षा वेळेला लवकर सरावते.

पावसाळ्यात खुरांकडे बघितल्याशिवाय कुठलाही दिवस जाऊ देऊ नकोस. खूर-कोरणीचा हात टाचेकडून बोटाकडे चालवायचा, तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मोकळ्या करायच्या. काळपट ओशट घाण आणि नाकाला झोंबणारा कुजका वास म्हणजे थ्रश सुरू झाला. मालक महागडी मलमं आणतील, पण मूळ कारण बैठकीखालची ओल आणि मूत्र आहे. आधी जागा कोरडी, पेंढा बदललेला, मग नालबंदाकडून मेलेला भाग काढून घेणं, मग औषध. घोडा लंगडत असेल किंवा कोरताना रक्त येत असेल तर नालबंदाच्या आधी पशुवैद्य. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी येतोच. त्या दिवशी तुझी सकाळ ठेव आणि खूर धरायचं काम माग. पायाची रचना जितकी तिथे कळते तितकी आकृतीत कळत नाही.

आता पत्रातली मला सर्वांत न आवडलेली गोष्ट. इंजेक्शनं. ती उद्यापासून बंद. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 च्या कलम 30 नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय फक्त नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. पदविकाधारकांना राज्य सरकारच्या आदेशाने काही किरकोळ सेवा देता येतात, त्याही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. तू त्या दोन्हींत बसत नाहीस. कायदा बाजूला ठेव, शरीररचना बघ. मानेच्या खोबणीत वरच शीर असते, ती दिसते, फुगते, सोपी वाटते. तिच्याच खाली मेंदूकडे जाणारी धमनी असते, आणि मानेच्या खालच्या अर्ध्यात दोघींमध्ये फारसं काही नसतं. सुई दोन-तीन सेंटिमीटर खोल गेली आणि औषध धमनीत उतरलं, तर घोडा काही क्षणांत झटके येऊन कोसळतो, बहुधा सुई धरणाऱ्याच्या अंगावर. शिरेच्या बाहेर सांडलं तर फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक औषध मानेचं मांस सडवतं. आज काही झालं नाही म्हणून मालक तुला 'अर्धा डॉक्टर' म्हणतात. घोडा मेला त्या दिवशी ते काय म्हणतील याचा विचार कर. ज्या पदवीसाठी तू एवढा आटापिटा करतोयस, तिच्या आधीच स्वतःच्या नावावर असं प्रकरण कशाला? डॉक्टर येतात तेव्हा घोडा धर, ते काय देतात, किती, कुठे आणि का, ते विचारून वहीत लिही. मालकांना नाही म्हणणं जड जात असेल तर माझ्यावर ढकल.

तिसरा प्रश्न खरा कळीचा: घोडे नसतील तर पशुवैद्यक कशाला? मी उलट विचारतो. तुला पशुवैद्यक व्हायचंय, की घोड्यांसोबत राहायचंय? दोन्ही चांगलं आहे, पण रस्ते वेगळे आहेत. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टं मिळून 3.4 लाख निघाली, 2012 पेक्षा 45.6 टक्क्यांनी कमी. त्याच गणनेत गायवर्गीय जनावरं 19 कोटींच्या वर, शेळ्या जवळपास 15 कोटी, म्हशी जवळपास 11 कोटी. पदवीच्या साडेपाच वर्षांत, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, तुझे हात बहुतेक वेळ गाई-म्हशी, शेळ्या, कुत्री-मांजरं आणि कोंबड्यांवर असतील. शरीररचनेतही पाया बैलाचा, घोडा तुलनेला.

म्हणून तबेल्यातून वाचलेल्या सकाळींपैकी चार-पाच दुसरीकडे घालव. शहापूर, मुरबाड, भिवंडी या बाजूच्या एखाद्या श्रेणी 1 च्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. श्रेणी 1 ला पशुवैद्य असतात, श्रेणी 2 ला बहुधा पशुधन पर्यवेक्षक. पनवेल-उरणकडच्या वाचकांनी रायगडमधले दवाखाने बघावेत. आधी डॉक्टरांना भेटून परवानगी घे, कोपऱ्यात उभा राहीन म्हणून सांग. कृत्रिम रेतनासाठी म्हशीच्या गुदद्वारात कोपरापर्यंत हात, अडकलेला जार, लाळ्या-खुरकूत आणि लम्पीच्या लसीकरणाच्या दिवसभराच्या फेऱ्या, गळवातून वाहणारा पू, आणि 'डॉक्टर, एवढा खर्च परवडत नाही' म्हणणारा शेतकरी. हे बघून घरी आल्यावर जेवण घशाखाली उतरलं आणि परत जावंसं वाटलं, तर नीटचं दुसरं वर्ष सार्थकी लागेल. 'हे नको, मला माझी घोडीच बरी' असं वाटलं, तर त्यातही लाज नाही, पण मग दोन वर्षं नीटमध्ये घालवायचं कारण उरत नाही.

घोड्यांच्या डॉक्टरांची गरज संपलेली नाही, ती मोजक्या ठिकाणी एकवटली आहे. महालक्ष्मी आणि पुण्याची रेसकोर्स, पुण्याच्या आसपासचे स्टड फार्म, लष्कराचं पशुवैद्यकीय दल म्हणजे रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअर, माथेरानसारखं ठिकाण जिथे वाहनबंदीमुळे घोडा अजून रोजच्या वाहतुकीत आहे. शिवाय दख्खनच्या भीमथडी घोड्याला आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे, त्याच्या पैदाशीत काम वाढेल असा माझा अंदाज आहे. पण या सगळ्या वाटा पदवीनंतरच्या. पदवीशिवायच्या वाटाही आहेत: प्रशिक्षक, तबेला व्यवस्थापक आणि नालबंद. चांगला नालबंद ठाणे-मुंबईत शोधून सापडत नाही, आणि त्याची कमाई तुला देऊ केलेल्या पगाराहून कमी नसते. हे हिणवून सांगत नाही, मोजून सांगतोय.

पूर्णवेळ नोकरीला या वर्षी नाही म्हण. त्या पगारात राहणं-खाणं धरलेलं असतं, म्हणजे तू चोवीस तास तिथला होतोस, आणि रात्री अडीचला घोडा लोळू लागला की दार तुझंच ठोठावलं जाणार. तशी नोकरी वाईट नाही, नीटच्या वर्षात ती करता येत नाही एवढंच.

जितक्या सकाळी जाशील तितक्या सुखरूप परत ये. घोड्याजवळ खांद्याच्या बाजूने जायचं, बोलत. अगदी समोर आणि अगदी मागे त्याला दिसत नाही. मागून ओलांडायचंच असेल तर पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या मांसल भागावर, हात ठेवून अंगाला चिकटून, किंवा सरळ तीन-साडेतीन मीटर लांबून; मधलं अंतर लाथेचं. दोर हाताला गुंडाळायचा नाही, कितीही गरीब घोडा असला तरी. बोटं मोडली तर ओएमआरचे गोळे कोण भरणार? डोक्यावर घोडेस्वारीचं हेल्मेट, मोटारसायकलचं नव्हे. पायात थोडी टाच असलेले बूट, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही. धनुर्वाताचं टीडी सोळाव्या वर्षी घेतलं होतंस का ते आईला विचार. नसेल तर या आठवड्यात घे. रेबीजच्या आधीच घ्यायच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोल, दवाखान्यांत जाणार असशील तर जास्तच. बँक खात्यातून वर्षाला 20 रुपयांत पंतप्रधान सुरक्षा विमा मिळतो, पण तो मृत्यू आणि कायमच्या अपंगत्वासाठी आहे, हाड मोडल्याचं बिल देत नाही. ते कोण देणार, हे मालकांकडून लिहून घे.

एक गोष्ट मालकांना विचारच: नवा घोडा आला की तो किती दिवस वेगळा बांधतात, आणि ग्लँडर्सची, म्हणजे शेंबा रोगाची तपासणी झाली आहे का? वरातीचे आणि विकत आणलेले घोडे या राज्यातून त्या राज्यात फिरत असतात. हा रोग माणसाला होतो, आणि दुजोरा मिळाला तर घोडा कायद्याने नष्ट करावा लागतो. नाकातून चिकट पिवळा स्राव, कातडीखाली गाठी, असं काही असलेल्या घोड्याला उघड्या हाताने स्पर्श नको. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात, ते पाठवण्याची व्यवस्था सरकारी पशुवैद्य करतात. नवा घोडा किमान दोन-तीन आठवडे वेगळा, त्याची बादली आणि खरारा वेगळा. मालक या प्रश्नावर चिडले, तर त्या तबेल्याबद्दल तुला जे कळायला हवं ते कळलंच.

राहिलं पुढचं वर्ष. नीटला वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यावी यालाही नाही. म्हणून मर्यादा घरातच बसून ठरवावी लागते. माझा सल्ला, पुढची मे शेवटची. त्याच वेळी यंदाच ठाण्यातल्या एखाद्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घाल, प्राणिशास्त्र मिळालं तर उत्तम. प्रवेशाच्या उशिराच्या फेऱ्या अजून चालू असतील. अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर, यांचे अर्ज या महिन्यातच टाक. गुण असूनही कागद वेळेत न आल्याने जागा जाते, दरवर्षी कुणाची ना कुणाची. आणि परराज्यातल्या खासगी महाविद्यालयात जागा मिळवून देतो म्हणणारा एजंट भेटला, तर एक रुपयाही देण्याआधी ते कॉलेज भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः परिषदेच्या संकेतस्थळावर बघ. एजंटच्या मोबाइलवरची यादी चालणार नाही.